रुमालाखालचा मॅनेजर

मारोतमामांना फुटबॉल खेळता येत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की मी लपवलं. त्यांनी आयुष्यात एकदाच बॉलला पाय लावला, तोही बॉल त्यांच्या चहाच्या कपाकडे येत होता म्हणून. कप वाचला, चप्पल गेली. ती कडुलिंबाच्या फांदीत अडकली आणि आमच्या गोलकीपरने दगड मारमारून खाली पाडली. असा हा माणूस चार वर्षं आमच्या जवळा बाजारच्या टीमचा मॅनेजर होता, आणि त्या चार वर्षांत आम्ही जितक्या मॅच जिंकलो तितक्या त्याआधी खेळलोसुद्धा नव्हतो.

मी टीमचा सेक्रेटरी. शाळेत क्लार्क असल्यामुळे माझं अक्षर बरं, आणि अक्षर बरं असलेल्या माणसाला आपल्याकडे कुठल्याही मंडळाचा सेक्रेटरी करतात. खेळाडूंची नावं लिहायची, आधार कार्डांच्या झेरॉक्स जोडायच्या, प्रवेश अर्ज भरायचे, हे माझं काम. खेळाच्या नियमांचं पुस्तक मी पाठ केलं होतं, पण मला कुणी कधी नियम विचारला नाही. टीमला अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, दोन सल्लागार होते आणि त्यांतले एक पुण्याला राहत. मॅनेजर तेवढा नव्हता, कारण मॅनेजर नक्की काय करतो हे कुणालाच माहीत नव्हतं.

मामा धंद्याने बैलांचे दलाल. आमच्या आठवडी बाजारात जनावरांची बाजू वेगळी असते, तिथे त्यांची चाळीस वर्षं गेली. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहायचं, डोक्याचा रुमाल सोडून हातांवर टाकायचा आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदा जमवायचा. भाव तोंडाने बोलायचा नाही. खेटून उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नाही, आणि तो विचारणं हे आमच्याकडे असभ्यपणाचं लक्षण. ही रीत जुनी आहे आणि मामा तिच्यातले उस्ताद होते.

पण बाजारात बैल कमी झाले. ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टरचे दात बघायला कुणी दलालाला बोलवत नाही. मामांच्या घरी खायला कमी नव्हतं. कमी काय होतं ते कौसल्यामामींनी मला एकदा चहा गाळता गाळता सांगितलं. "ह्यांना पैशाची तकलीफ न्हाई हो. शेत हाय, पोरगी पुसेगावला सुखात हाय. पण सकाळी उठल्यावर कोणीतरी दारात येऊन काहीतरी इचारलं पाहिजे. कोणी न्हाई आलं की हे दिवसभर भिंतीकडं पाहत बसतेत. अन् भिंतीचा कंटाळा आला की मंग माझ्यात खोडी काढतेत."

खोडी काढण्यात, म्हणजे जनावरासारखा माणसातलाही दोष हेरण्यात, मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठल्याही माणसाशी बोलण्याआधी ते त्याच्याभोवती एक चक्कर मारत. सवयच होती ती. आमच्या मुख्याध्यापकांभोवतीही त्यांनी अशी चक्कर मारली होती आणि मुख्याध्यापक त्यानंतर दोन दिवस आरशापुढे जास्त वेळ उभे राहत होते. मामा कुणाला 'कसा आहेस' असं विचारत नसत. 'पाणी किती पिलास?' 'कोणत्या कुशीवर झोपलास?' असले प्रश्न असत. उत्तर ऐकायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे. आपण पास झालो की नापास हे आपल्याला कधी कळायचं नाही.

आमचं मैदान म्हणजे जनावरांच्या बाजाराचीच जागा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आधी शेण उचलायचं, मग प्रॅक्टिस. मामा कडुलिंबाखालच्या पारावर बसलेले असत, कारण चाळीस वर्षं ते तिथेच बसत होते. आम्हीच त्यांच्या जागेत खेळत होतो म्हणा ना. एका दुपारी त्यांनी मला बोटाने बोलावलं.

"शेकट्री, त्या तांबड्या बनियनवाल्याला उजव्या अंगाला काहून लावलं?"

तांबडा बनियनवाला म्हणजे विशाल. धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचा. दिवसभर सोयाबीनची पोती उचलून संध्याकाळी फुटबॉल खेळायला येणारा, आणि तरीही सगळ्यांत जोरात पळणारा.

"मामा, तो राइट विंगर आहे."

"कोण म्हणलं?"

"फॉर्मवर तसं लिहिलंय."

"फॉर्म कोणी लिहिला?"

"मी."

"मंग खोडा. ते पोरगं डाव्या अंगाचं हाय. दिवसभर उजव्या खांद्यावर पोतं वाहतंय, उजवीकडं त्याची मान अडकून राहिली. डावीकडं जुंपून बघा, मोकळं चालंल."

मला हसू आलं. पण त्या दिवशी आमचा डावीकडचा खेळाडू पाहुण्यांकडे गेला होता, म्हणून विशालला तिथे उभा केला. पंधरा मिनिटांत त्याने आमच्याच गोलकीपरचे एवढे हाल केले की गोलकीपर म्हणाला, मी घरी जातो. पुढच्या रविवारी अध्यक्षांनी मामांना रीतसर मॅनेजर केलं. अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब, खत-बियाण्यांचं मोठं दुकान आहे त्यांचं, आणि टीमचे शर्ट त्यांच्याच दुकानाच्या नावाचे असत. मामांनी विचारलं, "मॅनेजरनं काय करायचं असतंय?" भाऊसाहेब म्हणाले, "तुमी पारावर बसून जे करता तेच, पण उभं राहून."

मामा त्या दिवसापासून कधी बसले नाहीत. सामना सुरू झाला की रेषेवर उभे. पण बॉलकडे बघत नसत! हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. सगळं गाव बॉलच्या मागे मान फिरवतंय आणि हे भलतीकडेच, जिथे काही चाललेलं नाही तिथे, डोळे बारीक करून पाहताहेत. गोल झाला, आरडाओरडा झाला, पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, की मामा माझ्याकडे वळून विचारायचे, "कोणी केला? आपल्यानं का त्यांच्यानं?"

मी एकदा चिडून म्हटलं, "मामा, बॉल बघत जा हो जरा."

"बॉलमागं येकच पोरगं असतंय, शेकट्री. बाकीचे दहा काय करून राहिलेत ते कोणी बघायचं?"

मी त्यांना ऑफसाइड शिकवायचा प्रयत्न केला. तीन संध्याकाळी घालवल्या. पारावर खडे मांडले, शेंगदाणे मांडले. शेंगदाणे ते खात. तिसऱ्या संध्याकाळी म्हणाले, "हे बघा, नियम पंचाला माहीत हायत ना? मंग दोघांनी कशाला डोकं शिणवायचं? पंचाला त्याचं काम करू द्या." मी उरलेले खडे गोळा केले आणि घरी गेलो.

आता रुमालाचं सांगतो. प्रत्येक सामन्याआधी मामा पोरांना एका ओळीत उभे करत. डोक्याचा रुमाल सोडत. मग एकेकाने पुढे यायचं, रुमालाखाली हात घालायचा. मामा डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून बोटं दाबत. अर्धा मिनिट. पोरगं गंभीर चेहऱ्याने बाजूला व्हायचं आणि पुढचं यायचं. काय सांगितलं हे कुणी कुणाला विचारत नसे, कारण पोरं सगळी बाजाराची. रुमालाखालचं विचारायचं नसतं, हे त्यांना दुधाच्या दातांपासून माहीत.

समोरच्या टीमचं काय होत असेल याची कल्पना करा. बाहेरगावची टीम येते, तिचे सर खडूने फळ्यावर बाण काढून समजावत असतात, आणि इकडे एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा एकेका खेळाडूशी रुमालाखाली गुप्त करार करतोय. त्यांचा एक बॅक एकदा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "अंकल, वो चादर के नीचे क्या दे रहे हैं?" मी म्हटलं, "चादर नहीं, रुमाल है." तो आणखीनच घाबरला.

मलाही ते कोडं सुटत नव्हतं. सेक्रेटरी असून टीमची योजना मला माहीत नाही, याचा राग यायचा. पोरांनी आपापले अर्थ लावले होते. एकाला वाटायचं, करंगळी दाबली म्हणजे मागे थांब. दुसऱ्याला वाटायचं, तीन बोटं म्हणजे तिसऱ्या नंबरच्या खेळाडूला धर. प्रत्येकाला खात्री होती की मामांनी आपल्याला एकट्यालाच काहीतरी खास सांगितलंय आणि ते पार पाडल्याशिवाय घरी तोंड दाखवता येणार नाही. विचारलं तर मामा मिशीवरून बोट फिरवत आणि म्हणत, "सौदा हाय. बोलायचा न्हाई."

दत्ता आणि सिद्धार्थ हे आमचे मधल्या फळीतले दोघे. खेळायला एकाहून एक, पण एकमेकांशी बोलणं बंद. कारण काय, तर एका वरातीत नाचताना एकाचा कोपर दुसऱ्याच्या नाकाला लागला होता. धक्का मुद्दाम होता की चुकून, यावर दोघांचे मित्र अजून वाद घालत होते. परिणाम असा की दत्ता सिद्धार्थला पास देत नव्हता आणि सिद्धार्थ दत्ताकडून बॉल काढून घेत होता. एकाच टीमचे असून!

आम्ही समित्या नेमून पाहिल्या, हात मिळवायला लावले, फोटो काढले. फोटोपुरते मिळवायचे आणि सोडायचे. मग मामांनी दोघांना निरोप पाठवला, उद्यापासून रोज सकाळी माझ्या घरी यायचं, मामीला कडबा कापून द्यायचा. मामांकडे हाताने फिरवायचं जुनं कडबा कुट्टीचं यंत्र होतं. एकाने मोठं चाक फिरवायचं, दुसऱ्याने ज्वारीचे धांडे पात्यांपाशी सरकवायचे. चाक फिरवणाऱ्याचं लक्ष हललं तर सरकवणाऱ्याची बोटं जायची. मामांनी सांगितलं, अर्धा वेळ एकानं फिरवायचं, अर्धा वेळ दुसऱ्यानं.

पहिले दोन दिवस नुसता चाकाचा आवाज. तिसऱ्या दिवशी सिद्धार्थ ओरडला, "थांब ना बे!" चौथ्या दिवशी दत्ता म्हणाला, "हात मागं घे, मंग फिरवतो." मामा ओट्यावर दात घासत बसलेले असायचे, बघायचेही नाहीत. आठव्या दिवशी दोघे कडबा संपल्यावरही तिथेच बसून मामीने दिलेल्या भाकरी खात होते आणि त्या वरातीतल्या बँडवाल्याची नक्कल करत होते. पुढच्या सामन्यात दत्ताने न बघता बॉल टाकला आणि सिद्धार्थ नेमका तिथेच होता. मामी म्हणाल्या, "टीमचं काय झालं मला ठावं न्हाई, पण माझी म्हैस सुधरली." पुढे कितीतरी दिवस त्या विचारत होत्या, अजून कोणाचं भांडण न्हाई का म्हणून.

इतकं सगळं होऊनही जिल्ह्याचा कप काही येत नव्हता. दोनदा उपांत्य फेरीत हरलो, एकदा अंतिम फेरीत. चौथ्या वर्षी भाऊसाहेबांचा धीर सुटला. त्यांनी बाहेरून एक प्रशिक्षक आणून ठेवले. तरुण, सर्टिफिकेटवाले, निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. स्वभावाने भले होते बिचारे, प्रत्येकाला 'सर' म्हणत, मामांनाही. भाऊसाहेबांनी बैठकीत सर्वांसमोर सांगून टाकलं, "या साली कप आला तर मामा. न्हाई आला तर पुढच्या सालापासून हे सर."

मामांनी सरांभोवती एक चक्कर मारली आणि ते घरी गेले. पण मला ठाऊक होतं. तेव्हा पोरं सकाळी त्यांच्या दारात यायची. कुणाचा घोटा दुखायचा, कुणाला बूट चावायचा, कुणाचं घरी पटत नसायचं. अंगणात रांग असायची आणि मामी चहाचं पातेलं उतरवत नसत. ती रांग गेली तर पुन्हा भिंत. बाकी लोकांसाठी तो कप होता. मामांसाठी त्यांच्या सकाळी होत्या.

अंतिम सामना हिंगोलीला. आम्ही दोन टेम्पोंत भरून गेलो. गाव मागून मोटरसायकलींवर. त्या वर्षी विशाल असा खेळला होता की लोक त्याला बघायला येत. अंतिम फेरीपर्यंत आमचे निम्म्याहून जास्त गोल त्याचे. समोर हिंगोलीचीच टीम, तगडी. पण विशाल असताना आम्हाला कुणाची भीती नव्हती.

ओळ लागली, रुमाल पसरला. दत्ता गेला, सिद्धार्थ गेला, विशालची पाळी आली. त्याने हात घातला. मामांचे डोळे मिटलेले होते ते उघडले. मग रुमाल त्यांनी आपल्या हाताने बाजूला केला. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

"तू बस."

विशाल हसला. त्याला वाटलं गंमत आहे. "मामा, काहून?"

"बस म्हणलं ना. आज तू खेळायचा न्हाईस."

मला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. मी त्यांना बाजूला ओढलं. "मामा, काय करून राहिलात? आजची मॅच गेली तर तुमचं काय होईल, माहीत आहे ना?"

"ठावं हाय."

"मग?"

"गुडघा गेलाय त्याचा. डावा. टेम्पोतून उतरताना उजव्या पायावर उतरला अन् डाव्याला मागून आणलं. तवाच शंका आली. आता हात धरला तर त्यानंच आधी दाबला."

"म्हणजे?"

मग मामांनी रेषेपाशी उभं राहून मला ते सांगितलं, ज्याच्यासाठी मी चार वर्षं तळमळत होतो. "शेकट्री, मी रुमालाखाली काहीच सांगत न्हाई. कधीच न्हाई सांगितलं. मी हात धरून बघतो. भ्यालेल्याचा हात गार असतोय, त्याला मागं ठेवायचा. भांडून आलेल्याचा सुकलेला असतोय, त्याला पाणी पाजायचं. अन् जो काही लपवतो ना, तो आपण दाबायच्या आधीच दाबतोय. खोडीचं जनावर विकणारा धनी असाच हात धरतो. चाळीस वर्षं असेच हात धरायलोय मी."

आमची सगळी गुप्त योजना, समोरच्या टीमांची उडालेली झोप, पोरांचे तीन बोटांचे अर्थ! रुमालाखाली काहीच नव्हतं. मामा नुसते विचारत होते आणि पोरं आपापलं उत्तर घेऊन पळत होती.

सामना सुरू झाला. पहिला अर्धा बिनगोल. दुसऱ्या अर्ध्यात त्यांचा एक गोल झाला आणि मैदानाभोवती 'विशाल, विशाल' सुरू झालं. विशाल मामांपुढे येऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मामा, पंधरा मिनटं द्या. मला काही झालं न्हाई, बराबर हाय मी. तुमच्यासाठीच खेळतो मामा, तुमची जागा जाईल."

मामांचा चेहरा हलला. मी जवळ होतो, मी पाहिलं. आपली जागा वाचवायला एवढं पोरगं पाय द्यायला तयार आहे, हे त्यांनाही नवीन होतं.

तेवढ्यात भाऊसाहेब मांडवातून धावत आले. "मामा, उतरवा त्याला! न्हाईतर आजपासून तुमचं अन् टीमचं संपलं."

मामा विशालला म्हणाले, "बूट काढ."

"मामा..."

"काढ म्हणतो ना लेकरा."

विशालने बूट काढले. मामांनी ते दोन्ही उचलले, खाली ठेवले आणि त्यांच्यावर बसले. चार वर्षांत पहिल्यांदा सामना चालू असताना मामा बसले! भाऊसाहेबांनी आधी समजावलं, मग ओरडले, मग एका बुटाची नाडी धरून ओढली. पण मामा जागचे हलले नाहीत. अध्यक्ष एका बाजूने बूट ओढताहेत आणि मॅनेजर त्यावर मांडी घालून बसलाय, हे दृश्य बघायला समोरच्या टीमचे राखीव खेळाडूही आले. पंचाने दोनदा वळून पाहिलं. एवढ्यात शेवटची शिट्टी झाली आणि आम्ही एका गोलने हरलो.

दोन दिवसांनी मी विशालला हिंगोलीला डॉक्टरांकडे नेलं. गुडघ्याचा अस्थिबंध अर्धा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, असा पळाला असता तर उरलेलाही गेला असता, मग ऑपरेशन, आणि पोती उचलणं जन्मात नाही. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि बुधवारच्या बैठकीला गेलो. मनात म्हटलं, आता बघतो. कागद टेबलावर आपटतो आणि मामांची माफी मागायला लावतो एकेकाला.

बैठक भाऊसाहेबांच्या दुकानात, खताच्या पोत्यांवर बसून. मी उठायला लागलो तशी मामांनी माझी बंडी धरून मला खाली बसवलं.

"कागद काढू नका," ते कानाशी म्हणाले.

"मामा, पण यात सगळं आहे..."

"इथं तीन आडत्ये बसलेत. त्यांच्याच मोंढ्यात पोरगं हमाली करतंय. गुडघा गेला हे त्यांनी आज ऐकलं तर उद्या त्याला पोतं देणार न्हाईत. बरा झाल्यावरबी न्हाई. खोड येकदा बोलली की ती कानातून निघत न्हाई, शेकट्री. मला बाजार ठावं हाय."

मग मामा उभे राहिले आणि चाळीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. चांगल्या मालाला चांगलं आणि वाईटाला वाईट म्हणणारा हा माणूस सगळ्यांसमोर खोटं बोलला. "पोरगं फिट होतं. मला वाटलं दुसऱ्याला खेळवून बघावं. माझं चुकलं. आता सरांना करा मॅनेजर. मी त्यांना फिरून पाहिलंय, माणूस चांगला हाय. जरा पाणी कमी पितो."

सगळे हसले, ट्रॅकसूटवाले सरही हसले आणि ठराव झाला. तो मी लिहिला, माझ्या बऱ्या अक्षरात. इतकं वाईट काम मी सेक्रेटरी म्हणून दुसरं केलेलं नाही.

विशालने गावात सांगितलं की बहिणीकडे जातोय, आणि सहा आठवडे तिच्या घरात पाय ताणून पडला. जायच्या आदल्या दिवशी तो लंगडत मामांकडे गेला होता, पाया पडायला. मामांनी त्याला दारातच हाकललं. "लंगडत कशाला आलास माझ्या घरी? लोकं पाहतेत ना! जा, पाय सुधारला की ये." आज हे लिहितोय ते विशालला विचारून. तो आता टेम्पो चालवतो, गुडघा ठणठणीत आहे, आणि पोत्यांशी त्याचा संबंध दुसऱ्यांनी उचलण्यापुरताच आहे. तोच म्हणाला, "आता लिव्हा. मामाला लोकं उगं वेडं म्हणत होती."

त्या बैठकीनंतर मामांच्या अंगणातली रांग संपली. पोरं काही दिवस आली, मग सरांच्या सकाळच्या कसरतीमुळे त्यांना वेळ मिळेना. मी दोनतीनदा गेलो. मामा भिंतीकडे तोंड करून बसलेले. मामी म्हणाल्या, "रंग उडाया लागलाय भिंतीचा." हसल्या नाहीत. नंतर कळलं, पोरीने दोघांना पुसेगावला नेलं. 'थोडे दिवस' म्हणून नेलं, ते दिवाळीपर्यंत आले नाहीत.

मी त्यांना पाहिलं ते तिथेच. शाळेच्या कागदांसाठी पुसेगावला गेलो होतो. काम लवकर आटोपलं, बसला वेळ होता, म्हणून तिथल्या शाळेच्या मैदानाकडे वळलो. दहाबारा मुली, एक बॉल, बाजूला त्यांच्या मॅडम, आणि मधे मामा, मॅडमनी मुलींना शिकवायला आणून उभे केलेले. मी हाक मारणार होतो, पण फाटकापाशीच थांबलो. कारण एक उंच मुलगी कमरेवर हात ठेवून मामांपुढे उभी होती आणि मॅडमलाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती.

"आजोबा, तुमाला फुटबॉल येतो का?"

"न्हाई."

"कधीच खेळले न्हाई?"

"न्हाई बाई."

"मंग आमाला काय शिकवणार तुमी?"

बाकीच्या मुली खुदखुदल्या. या प्रश्नावर दाखवायला मामांकडे कप नव्हता, सर्टिफिकेट नव्हतं, ट्रॅकसूट नव्हता. मला वाटलं आता ते मुकाट्याने वळतील आणि लेकीच्या घराकडे चालू लागतील.

मामा म्हणाले, "उजवी टाच दाखव."

"काहून?"

"सोलली हाय. बूट नवा हाय तुझा. मघापासून तू टाच टेकवली न्हाईस. अन् म्याडमला सांगितलं न्हाईस, म्याडम बसवतीन म्हणून."

खुदखुदणं थांबलं. मुलीने मॅडमकडे पाहिलं, मग मामांकडे. कमरेवरचे हात खाली आले. मग ती तिथेच मातीत बसली आणि नाडी सोडायला लागली. मोजा निघाला तेव्हा तिने ओठ दाबून धरले. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले, टाच हातात घेतली आणि पाणी मागितलं.

फाटकाबाहेरच्या थांब्यावर माझी बस हॉर्न देत होती. वळून पाहिलं तर बाकीच्या सगळ्या मुली गोल करून खाली बसल्या होत्या आणि घाईघाईने आपापले बूट काढत होत्या, ज्यांना काही झालं नव्हतं त्यासुद्धा.